दोन झटक्यांनंतर आतडे कापायलाच हवे का?

रात्रपाळी: ‘डायव्हर्टिक्युलायटिसचे (मोठ्या आतड्याच्या भिंतीवरील फुगवट्यांना सूज येण्याचे) दोन झटके आले की सिग्मॉइड (मोठ्या आतड्याचा शेवटाकडचा वळणदार भाग) काढावे, तिसऱ्यासाठी थांबणे म्हणजे आतडे फुटण्याची वाट पाहणे’, हे शल्यक यांचे विधान वाचून राहवले नाही. हा नियम २००० च्या अमेरिकी मार्गदर्शिकेतला, आणि तिथल्याच शल्यविशारदांच्या संघटनेने तो २००६ मध्ये सैल केला. आतडे फुटायचेच असेल तर ते बहुधा पहिल्या झटक्यात फुटते. मग झटके मोजून काय साधते? मूत्राशयात वाट पडून लघवीतून हवा जाऊ लागली किंवा आतडे आवळत गेले, तर गोष्ट वेगळी.

शल्यक: फुटण्याचा मुद्दा सोडला, झाले समाधान? परंतु सतत पोट धरून बसणाऱ्या रुग्णाचे काय? अशाच रुग्णांवरील डच चाचणीत (२०१७) शस्त्रक्रिया झालेल्यांचे जीवनमान सहा महिन्यांनी सरस आढळले.

रात्रपाळी: आणि त्यांच्यापैकी सुमारे १५ टक्के लोकांचा जोड (कापलेली आतड्याची टोके शिवलेली जागा) गळला, हे आपण सोयीस्करपणे गाळलेत.

लेक: आपले आकडे चालू द्या, मला पोटावर लावतात त्या विष्ठेच्या पिशवीबद्दल विचारायचे आहे. वडिलांचे आतडे फुटल्यावर रात्री घाईघाईने हार्टमन शस्त्रक्रिया झाली (खराब भाग काढून, जोड न घालता आतड्याचे टोक पोटावर आणून पिशवी लावतात ती) आणि ‘काही महिन्यांत पिशवी काढू’ असे सांगितले गेले. पुढे हृदयाचे कारण देऊन कोणीही पुन्हा पोट उघडायला तयार झाले नाही, आणि पिशवी शेवटपर्यंत राहिली. हार्टमन यांनी १९२१ मध्ये कर्करोगासाठी मांडलेली पद्धत आजही डोळे मिटून का वापरायची?

शल्यक: डोळे मिटून? पोटात विष्ठा पसरलेली, रक्तदाब कोसळलेला, अशा वेळी जोड घालून दाखवा, मग बोला.

रात्रपाळी: कोसळलेल्यांचा प्रश्नच नाही. रक्तदाब स्थिर असलेल्यांवरील २०१९ च्या चाचणीत, लगेच जोड घातलेल्यांपैकी सुमारे ९५ टक्के लोक वर्षभरात पिशवीविना होते. हार्टमन झालेल्यांत हे प्रमाण ७२ टक्के होते.

शल्यक: त्या चाचणीतले शल्यविशारद याच कामात मुरलेले होते. रात्री टेबलाशी कोण उभे असते, हे आपल्या टोपणनावाला तरी ठाऊक असावे.

लेक: म्हणजे पिशवी राहणार की जाणार, हे त्या रात्री ड्यूटी कोणाची यावर ठरणार? वा!

शल्यक: काही अंशी, होय, नाकारून उपयोग नाही. त्या रात्री हार्टमन करण्यात चूक होती असे मी मुळीच म्हणणार नाही, मात्र पिशवी काढणे ही दुसरी मोठी शस्त्रक्रिया असते आणि अनेकांची ती कधीच होत नाही, हे घरच्यांना वॉर्डात तरी सांगायला हवे होते, एवढे मान्य.