मदत हवी आहे: 'हलका माल' इंग्रजीत कसा लिहायचा? जवळच्या अर्थाच्या शब्दांतून नेमका कसा निवडता?

नमस्कार मंडळी,

सांगलीत हळदीच्या एका पेढीवर कामाला आहे. बाहेरदेशच्या गिऱ्हाइकांची पत्रं गेल्या वर्षापासून माझ्याकडे आली. शिक्षण सगळं मराठी माध्यमातलं. व्याकरण जमतं, पण शब्दाशी गाडी अडते. डिक्शनरीत एका मराठी शब्दाला चार इंग्रजी शब्द मिळतात, चौघांचा अर्थ सारखाच दिसतो, आणि मी नेमका चुकीचा उचलतो.

मागच्या महिन्यात हलक्या मालाला 'लाइट क्वालिटी' लिहिलं. समोरच्याचं उत्तर आलं, रंग फिका आहे का? दोन दिवस खुलाशात गेले. 'चीप' लिहावं तर माल टाकाऊ वाटेल, 'इन्फिरिअर' तर त्याहून वाईट. आपण हळद शिजवतो म्हणून 'कुक्ड टर्मरिक' लिहिलं होतं, ते मालकांनी वेळीच पाहिलं.

सध्या अडलेलं: राजापुरी हळदीचा गडद पिवळा रंग 'डार्क', 'डीप' की 'ब्राइट'? आणि हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या खड्ड्यांत, हळद साठवायचे, त्या पेवाला काय म्हणू? 'होल' लिहिलं तर उंदराचं बीळ डोळ्यांसमोर येईल. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. अशा मालाचं वर्णन ढिसाळ जावं हे मनाला लागतं.

उत्तरांसोबत निवडायची रीतही सांगा, दर वेळी विचारत बसायला नको.

प्रतिसाद १

रंगाला 'डीप यलो'. 'डार्क' म्हटलं की काळपटपणाकडे झुकतं. 'ब्राइट' चकाकीसाठी, पावडरीला शोभतं. हलक्या मालाला 'लोअर ग्रेड', त्यात हिणवणं नाही. शिजवलेल्या हळदीला 'बॉइल्ड', वाळवलेलीला 'ड्राइड'. नुसतं 'ड्राय' म्हणजे आत्ता कोरडी, एवढंच. पेवाला 'अंडरग्राउंड पिट'.

रीत म्हणाल तर शब्द एकटा शोधू नका, जोडी शोधा. आपण पाऊस मुसळधार म्हणतो आणि वारा सोसाट्याचा. अदलाबदल केली तर कानाला खटकतं. इंग्रजीतही तसंच, पाऊस 'हेवी', वारा 'स्ट्राँग'. आपला 'कडक' घ्या: कडक चहा 'स्ट्राँग', कडक मास्तर 'स्ट्रिक्ट'. मराठी विशेषण तेच, सोबतचं नाम बदललं की इंग्रजी विशेषण बदलतं.

पडताळायला गूगलचं एन्ग्रॅम व्ह्यूअर आहे, २०१० पासून फुकट. दोन्ही जोड्या स्वल्पविराम देऊन टाका; छापील पुस्तकांत कोणती किती वेळा येते ते रेषांत दिसतं. बोलीतलं आणि वर्तमानपत्रांतलंही हवं असेल तर ब्रिटिश नॅशनल कॉर्पस पाहा, १० कोटी शब्दांचा संग्रह आहे. शब्दाच्या शेजारी कोण बसतं ते तिथे कळतं.

धागाकर्ता

मनापासून आभार. 'डीप यलो' आणि 'डार्क यलो' टाकून पाहिलं, दोन्ही सापडतात! मग वाक्यं वाचत बसलो, तेव्हा फरक थोडा जाणवला. वहीत आता जोड्याच लिहून ठेवतोय.

एक अजून: 'आमचा दर महाग आहे' याला 'एक्स्पेन्सिव्ह प्राइस' लिहिलं होतं. वस्तू 'एक्स्पेन्सिव्ह' आणि दर 'हाय', असंच ना? मराठीतही माल महाग आणि दर चढा असतो, म्हणून विचारतोय. उद्या सकाळी कोटेशन जायचं आहे.