अनुभव धागा: एक लॅपटॉप, दोन गिटहब खाती

गिटहब (गिटने सांभाळलेला कोड ठेवायची साइट) वरचं ऑफिसचं आणि घरचं खातं एकाच मशीनवर नांदवणाऱ्यांनी आपापली मांडणी इथे लिहावी. कुठल्या फाइलीत कुठली ओळ टाकली आणि ती चुकली की काय दिसतं, एवढं आलं की पुरे.

कमिटकर:
आधी नेहमीचा घोळ मिटवू. गिटच्या सेटिंगमधलं युजर डॉट नेम आणि युजर डॉट ईमेल बदलल्याने पुशची (कोड गिटहबवर चढवण्याची) परवानगी बदलत नाही. नाव-ईमेल ही कमिटवरची (नोंदवलेल्या बदलावरची) सही झाली. आत घेते ती एसएसएच किल्ली (तुमची ओळख पटवणारी फाइल) किंवा टोकन (पासवर्डऐवजी चालणारा सांकेतिक मजकूर). म्हणून ईमेल कितीही बदला, ४०३ (परवानगी नाकारल्याची एरर) हटत नाही. उलट किल्ली बरोबर असेल, तर घरचा ईमेल लावलेली कमिट ऑफिसच्या रेपोत (कोडच्या कोठारात) बिनबोभाट जाऊन बसते.

किल्लीबहाद्दर:
दोन खाती म्हणजे दोन किल्ल्या. एकच पब्लिक किल्ली (जोडीतली गिटहबला द्यायची अर्धी) दुसऱ्या खात्यात टाकायला गेलात तर गिटहब 'आधीच वापरात आहे' म्हणून परत पाठवतं. ईडी२५५१९ प्रकारच्या दोन बनवा, फाइलींना वेगळी नावं द्या. मग डॉट एसएसएच फोल्डरातल्या कॉन्फिग फाइलीत:

होस्ट गिटहब-ऑफिस
होस्टनेम गिटहब डॉट कॉम
युजर गिट
आयडेंटिटीफाइल (ऑफिसच्या प्रायव्हेट किल्लीचा पत्ता)
आयडेंटिटीजओन्ली येस

युजरपुढे 'गिट'च हवं, तिथे स्वतःचं खातं लिहू नका. शेवटची ओळ लोक गाळतात आणि तिथेच फसतात. ती नसली तर एसएसएच एजंट (किल्ल्या सांभाळणारा प्रोग्राम) त्याच्याकडच्या किल्ल्या एकामागून एक पुढे करतो. घरची आधी गेली, की गिटहब तुम्हाला घरचं खातं समजून आत घेतं आणि मग ऑफिसच्या रेपोपाशी अडवतं. एररमध्ये 'डिनाइड टू'च्या पुढे कोणाचं नाव आहे ते वाचा, निम्मं निदान तिथेच होतं.

रिमोटच्या (गिटहबवरच्या रेपोच्या) पत्त्यात गिटहब डॉट कॉमच्या जागी गिटहब-ऑफिस हे टोपणनाव घालायला 'गिट रिमोट सेट-यूआरएल' वापरा. तपासायला एसएसएच कमांड मोठ्या टी पर्यायासह त्याच टोपणनावावर चालवा. 'हाय' म्हणून खात्याचं नाव येतं. किल्लीच्या फाइलीची परवानगी ६०० (फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी) ठेवा, ती जास्त सैल असली तर एसएसएच किल्लीकडे बघतच नाही.

खिडकीवाले:
विंडोजवर एसएसएचऐवजी एचटीटीपीएस वापरणाऱ्यांसाठी. १३ ऑगस्ट २०२१ पासून पुशला खात्याचा पासवर्ड चालत नाही, टोकन लागतं. जुनं लॉगिन चिकटून बसलं असेल तर क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये विंडोज क्रेडेन्शियल्सखालची गिटहबची नोंद उडवा. एवढ्यावर थांबलात तर खातं बदलताना पुन्हा तेच. रिमोटच्या पत्त्यात डोमेनच्या आधी खात्याचं नाव आणि ॲटचं चिन्ह घातलं की दोन्ही लॉगिन वेगळी राहतात.

पत्त्यात टोकन मात्र कोंबू नका; ते रेपोच्या कॉन्फिग फाइलीत उघडं पडून राहतं. बारीक परवानग्यांच्या टोकनला 'कंटेंट्स' फक्त वाचण्यापुरतं दिलं असेल तर पुल होतं (कोड खाली येतो), पुश नाही. आणि खाजगी रेपोवर 'रिपॉझिटरी नॉट फाउंड' आलं तर पत्त्यावर लगेच शंका घेऊ नका, बहुतेक वेळा चुकीच्या खात्याने गेलेले असता.

फोल्डरपंथी:
टोपणनावांचा कंटाळा येणाऱ्यांसाठी इन्क्लूडइफ (अट जुळली तरच दुसरी सेटिंग-फाइल वाचणारी सोय) आहे, गिट २.१३ पासून. ऑफिसचे सगळे रेपो एका फोल्डरात ठेवा आणि मुख्य गिटकॉन्फिगमध्ये 'गिटडिर'ची अट घालून वेगळी फाइल ओढून घ्या. त्या फाइलीत ऑफिसचा ईमेल आणि 'कोअर डॉट एसएसएचकमांड'मध्ये ऑफिसची किल्ली. फोल्डरच्या पत्त्याशेवटी तिरकी रेघ हवीच, नाहीतर आतले रेपो जुळत नाहीत. शिवाय हा भाग युजरच्या भागाखाली लिहा. गिट शेवटी वाचलेली किंमत धरतं, वर लिहिलात तर घरचा ईमेल ऑफिसच्या ईमेलला पुसून टाकतो. कुठली किंमत कुठून आली हे 'गिट कॉन्फिग'ला जोडलेलं 'शो-ओरिजिन' दाखवतं, पण ते रेपोच्या आत उभं राहून चालवा.

कमिटकर:
सही चुकलीच आणि कमिट शेवटचीच असेल, तर ईमेल सुधारून 'अमेंड'ला (शेवटची कमिट बदलणाऱ्या पर्यायाला) 'रीसेट-ऑथर' जोडा. पुश झालेली असेल तर मग 'फोर्स-विथ-लीज' (जपून केलेला बळजबरीचा पुश), तेही ब्रँच तुमची एकट्याची असेल तरच.