जीपी (फॅमिली डॉक्टर) एडीएचडीचं औषध लिहून द्यायला तयार नाहीत, इंग्लंडमधल्यांनी सल्ला द्या

सोनटक्का
नमस्कार. आम्ही रेडिंगला राहतो, मुलगा ९ वर्षांचा आहे. सरकारी रांग फार लांब म्हणून एडीएचडीची (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) तपासणी खासगी क्लिनिकमध्ये केली. मेथिलफेनिडेट या त्यावरच्या औषधाचा डोस हळूहळू वाढवत आता नीट बसलाय. गणिताची वही पहिल्यांदाच पूर्ण करून घरी आणतोय. क्लिनिकने शेअर्ड केअरचं (तज्ज्ञांनी बसवलेलं औषध पुढे जीपीने लिहून द्यायचं, या व्यवस्थेचं) पत्र जीपीला पाठवलं, तर सर्जरीकडून, म्हणजे जीपीच्या दवाखान्याकडून, दोन ओळींत नकार आला. दर महिन्याला प्रिस्क्रिप्शनची फी वेगळी, औषधाचे पैसे वेगळे, आता झेपत नाहीये. जीपी असं नाही म्हणू शकतात का? सर्जरी बदलू का?

कोरांटी
पुण्याहून कुणाकडून तरी पाठवून घ्या की, तिथे बरंच स्वस्त पडतं.

नदीकाठ
कोरांटी, कृपा करून असं सुचवू नका. इथे हे नियंत्रित औषध आहे, परवान्याशिवाय पोस्टाने मागवणं बेकायदा आहे. भारतातही ते शेड्यूल एक्समध्ये (कडक नियंत्रणाच्या औषधांच्या यादीत) येतं, दुकानदाराला चिठ्ठीची प्रत २ वर्षं जपून ठेवावी लागते. भलत्याच भानगडीत पडाल.

आडवाट
ताई, मी इथे जीपी आहे. हो, नाही म्हणता येतं. उपचारांचे निकष ठरवणाऱ्या नाइस या इथल्या संस्थेच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांनुसार औषध सुरू करायचं आणि डोस बसवायचा तो तज्ज्ञांनी. त्यानंतर शेअर्ड केअरखाली लिहून देणं आणि तपासण्या जीपीकडे येतात, पण जीपीने होकार दिला तरच. एनएचएसशी (इथल्या सरकारी आरोग्यसेवेशी) असलेल्या आमच्या मूळ करारात हे काम नाही.

नकारामागचं कारणही सांगते. चिठ्ठीवर ज्याची सही, जबाबदारी त्याची. तुमच्या मुलाच्या वयाला वजन दर ३ महिन्यांनी, उंची, नाडी आणि रक्तदाब दर ६ महिन्यांनी बघायचा असतो, आणि वर्षातून एकदा तज्ज्ञांनी आढावा घ्यायचा असतो. उद्या क्लिनिक बंद पडलं किंवा तुम्हाला तिथली फी परवडेनाशी झाली, तर हा आढावा घेणार कोण? भूक मेली, वाढ मंदावली, तर विचारायचं कुणाला? ही भीती मला स्वतःला वाटते, म्हणून सहकाऱ्यांना दोष देववत नाही. पण दोन ओळींत आईची बोळवण करणं मला अजिबात पटत नाही. जीपीने नकार दिला की लिहून देण्याची जबाबदारी तज्ज्ञांकडेच राहते, एवढं तरी त्यांनी सांगायला हवं होतं.

प्रॅक्टिस मॅनेजरला ईमेल करून एकच विचारा: क्लिनिक खासगी आहे म्हणून नकार, की एडीएचडीचं शेअर्ड केअर तुम्ही कुणाचंच घेत नाही? पुढचं सगळं त्या उत्तरावर ठरेल.

चिंचेचं_झाड
खासगी म्हणून नकार असेल तर राइट टू चूज (तपासणीची संस्था आपण निवडायचा हक्क) बघा. जीपीने एनएचएसशी करार असलेल्या संस्थेकडे रेफर करायचं, म्हणजे तपासणीची फी लागत नाही. मुलांचं औषधही एनएचएसच्या चिठ्ठीवर फुकट मिळतं. आम्ही मुलीसाठी हेच केलं. संस्था निवडताना दोन गोष्टी आधीच विचारून घ्या. बाहेर झालेलं निदान मानता का? आणि जीपीने पुढेही नकार दिला तर औषध तुम्हीच लिहून देत राहाल का? दुसऱ्या प्रश्नावर टाळाटाळ झाली तर ती संस्था सोडा. आणि हे फक्त इंग्लंडमध्ये आहे, माझ्या नणंदेला स्कॉटलंडमध्ये, ग्लासगोत याचा काही उपयोग झाला नाही.

सोनटक्का
सगळ्यांचे मनापासून आभार. मॅनेजरचं उत्तर आलं: खासगी क्लिनिकचं घेत नाही, एनएचएसकडून आलं तर विचार करू. राइट टू चूजसाठी रेफरल द्यायला तयार आहेत. तोवर क्लिनिक सोडून दिलं तर चालेल का? आणि सर्जरी?

आडवाट
क्लिनिक अजिबात सोडू नका. नव्या ठिकाणी पहिली चिठ्ठी हातात पडेपर्यंत तिथलं चालू ठेवा, औषधात खंड नको. चिठ्ठी तारखेपासून २८ दिवसच चालते, तेव्हा औषध त्याआधी घ्या आणि पुढची चिठ्ठी वेळेत मागवा. डोस स्थिर आहे, तर भेटी कमी करून फी कमी होईल का, हे क्लिनिकला विचारा. सर्जरी सध्या बदलू नका, रेफरल द्यायला तयार आहेत हेच पुष्कळ आहे. रेफरलसोबत निदानाचा पूर्ण अहवाल, डोस कसा वाढवला त्याची नोंद आणि उंची-वजनाचा तक्ता जोडा. यातलं काही नसेल तर क्लिनिककडून आजच मागून घ्या.