क्यूग्राउंडकंट्रोल डिस्कनेक्टेडच दाखवतंय त्याबद्दल

वर तुम्ही लिहिलंय की डब्ल्यूएसएल २ मध्ये (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) पीएक्स४, म्हणजे ड्रोनचं ऑटोपायलट सॉफ्टवेअर, चालू होतं, गझेबो या सिम्युलेटरमध्ये ड्रोन दिसतो पण प्रचंड अडकतो आणि विंडोजवरचं क्यूग्राउंडकंट्रोल (ड्रोनवर लक्ष ठेवायचं, त्याला आदेश द्यायचं अ‍ॅप) काही केल्या कनेक्ट होत नाही. हे दोन वेगळे प्रॉब्लेम आहेत, कृपया डब्ल्यूएसएलमधलं उबुंटू लिनक्स परत टाकत बसू नका.

कनेक्शनचं म्हणाल तर पीएक्स४ मावलिंक (ड्रोन आणि अ‍ॅपमधले संदेश) पाठवतो लोकलहोस्टच्या, म्हणजे स्वतःच्याच मशीनच्या, यूडीपी पोर्ट १४५५० वर, पण डब्ल्यूएसएल २ चा आयपी विंडोजपेक्षा वेगळा, मग ते पॅकेट विंडोजपर्यंत पोचणार कसे? क्यूग्राउंडकंट्रोलच्या सेटिंगमधल्या कॉम लिंक्समध्ये नवी यूडीपी लिंक टाका, पोर्ट १८५७०, सर्व्हर म्हणून डब्ल्यूएसएलचा आयपी (तो डब्ल्यूएसएलच्या टर्मिनलमध्ये 'होस्टनेम -आय' ने मिळतो, तिथला आय कॅपिटल), फक्त रीस्टार्ट केल्यावर हा आयपी बदलू शकतो तेव्हा आधी तोच बघा, नाहीतर उगाच तासभर जातो. याचा कंटाळा आला तर क्यूग्राउंडकंट्रोल सरळ लिनक्सच्या आतच चालवा, मला तरी तेच बरं वाटतं.

गझेबो अडकतो त्यासाठी त्याच टर्मिनलमध्ये 'जीएलएक्सइन्फो -बी' चालवा (बी कॅपिटल). रेंडररमध्ये एलएलव्हीएमपाइप दिसलं म्हणजे सगळं ग्राफिक्स सीपीयूच ओढतोय, विंडोजचा जीपीयू ड्रायव्हर आणि डब्ल्यूएसएल दोन्ही अपडेट करा. तोवर पीएक्स४ चालू करताना हेडलेस=१ लावून, म्हणजे गझेबोची खिडकी न उघडता, काम चालू ठेवता येईल. रेंडररची ती ओळ इथे टाका, पुढचं बघू.