'टिनिटस' आणि 'एथनिक ग्रुप': मराठीत काय म्हणावं?

माहीमवाली: टिनिटसचं (बाहेर आवाज नसताना कानात नाद ऐकू येण्याचं) प्रमाण वेगवेगळ्या एथनिक ग्रुपमध्ये किती आढळतं, यावर मराठीत लेख लिहितेय. सोबत परळ-लालबागच्या ज्येष्ठ नागरिक संघांसाठी छोटी प्रश्नावलीही आहे. 'कर्णनाद' चालेल का? आणि एथनिक ग्रुपला जात म्हणू, वंश की समाज?

शब्दवेडा: लेखात 'कर्णनाद' जरूर वापरा. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात २८ कर्णरोग आहेत. त्यात भेरी, मृदंग, शंखासारखे आवाज येतात तो कर्णनाद आणि बासरीसारखा येतो तो कर्णक्ष्वेड, इतका बारीक भेद केलाय.

प्रश्नावलीत मात्र तो नको. तिथे लोकांचे शब्द हवेत: कानात शिट्टी वाजते, गुणगुण चालू असते, रातकिडे किरकिरतात. 'कान वाजतात का?' असंही विचारू नका. 'तुझे कान वाजले असतील' म्हणजे तुला भास झाला, हा अर्थ आपल्याकडे पक्का आहे; ज्याला खरंच त्रास आहे तोही 'नाही' म्हणेल. 'कानात आवाज येतात का?' हे तर त्याहून वाईट, कारण कोणी बोलल्याचे आवाज असा अर्थ घेऊन माणूस घाबरेल.

हा कीस मी मुद्दाम पाडतोय, कारण प्रश्नाचे शब्द बदलले की आकडा बदलतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत (१९९९-२००४) गेल्या वर्षभरात असा नाद ऐकल्याचं सुमारे २५ टक्के प्रौढांनी सांगितलं. वारंवार ऐकू येणारे जेमतेम ८ टक्के. पुढे त्याच पाहणीत '५ मिनिटं किंवा जास्त टिकणारा' ही अट आली. असे वेगवेगळ्या प्रश्नांतून आलेले आकडे शेजारी मांडून 'या गटात जास्त, त्या गटात कमी' म्हणणं मला धोक्याचं वाटतं.

माहीमवाली: पण त्या एकाच पाहणीत गोऱ्यांमध्ये वारंवार होणाऱ्या कर्णनादाचं प्रमाण इतर गटांपेक्षा जास्त दिसलं ना?

शब्दवेडा: हो, आणि ते लिहाच. आतल्या कानातलं मेलॅनिन (त्वचेला रंग देणारं द्रव्य) संरक्षण देत असावं, असा एक तर्क आहे. पण वय, कामावरचा गोंगाट, डॉक्टरपर्यंत पोचण्याची सोय, प्रश्नाची भाषा हे सगळंही गटागणिक बदलतं. नुसतं 'वंश' म्हटलंत की वाचक रक्तातच कारण शोधेल. म्हणून 'वांशिक गट' लिहा आणि हा गट उत्तर देणाऱ्याने स्वतः सांगितलेला असतो, हे एका वाक्यात स्पष्ट करा. 'जात' अजिबात नको. त्या पाहणीत २०११पासून आशियाई लोक वेगळे मोजतात, पण त्यात चिनी, फिलिपिनो आणि आपण एकत्रच.

परळकर: आमच्या भागात गटापेक्षा कामाचं विचारा. माझे वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणायच्या खात्यात होते. तिथे कानाशी ओरडल्याशिवाय ऐकू जात नसे. 'गिरणीत कुठल्या खात्यात होतात?' हा प्रश्न हवाच.

शब्दवेडा: अगदी बरोबर. वयही विचारा. २०२२च्या जागतिक विश्लेषणात सर्व प्रौढांत प्रमाण साधारण १४ टक्के, तर पासष्टीपुढे जवळपास २४ टक्के निघालं. काहींना हा नाद डोक्यात जाणवतो, तेही धरा. माझा मसुदा असा:

'गेल्या वर्षभरात, बाहेर काही वाजत नसताना, कानात किंवा डोक्यात शिट्टी, गुणगुण, किरकिर किंवा घूंघूं असं ५ मिनिटं किंवा जास्त वेळ ऐकू आलं का?'

माहीमवाली: घेतला. छापण्याआधी वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेतल्या श्रवणतज्ज्ञांना दाखवते.