मानसोपचारासाठी मनाविरुद्ध भरती झाली तर बंदुकीच्या परवान्याचं काय होतं?

कणकुंबीकर
बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला प्रश्न आहे. पीकरक्षणाचा परवाना, त्यावर दोन हत्यारं: एक ठासणीची आणि एक बारा बोरची एकनळी. परवानाधारकाला त्याची तयारी नसताना घरच्यांच्या अर्जावर धारवाडला मानसोपचारासाठी दाखल केलंय, आज २५ वा दिवस. परवान्याची मुदत अजून दीड वर्ष आहे. गावात दोन मतं आहेत. एकांचं म्हणणं, अॅडमिट झाला की परवाना आपोआप जातो आणि जन्मात परत मिळत नाही. दुसरे म्हणतात कुणाला सांगूच नका, बंदुका चंदगडला मेव्हण्याकडे नेऊन ठेवा, माणूस बरा झाला की आणा. कायद्यात नेमकं काय बसतं? आणि बंदुका घराबाहेर काढायच्या तर कशा?

टिळकवाडीकर
दोन्ही मतं चूक, आणि दुसरं तर घरच्यांनाच आत घालणारं.

आधी पहिलं. 'भरती झाला म्हणून परवाना रद्द' असं आपोआप घडवणारं कलम १९५९ च्या शस्त्र अधिनियमात नाही. शब्द आहे 'मनोविकल' (इंग्रजीत 'अनसाउंड माइंड'). कलम १४ प्रमाणे अधिकाऱ्याला अर्जदार मनोविकल आहे असं मानायला कारण असेल तर तो परवाना नाकारतो. कलम १७(३) प्रमाणे चालू परवानाही त्याच कारणावरून निलंबित किंवा रद्द होतो. पण त्यासाठी लेखी आदेश लागतो, कारणं नोंदवावी लागतात.

आता २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा बघा. कलम ३(५): एखाद्याला मानसिक आजार आहे एवढ्यावरून तो मनोविकल ठरत नाही, सक्षम न्यायालयाने तसं जाहीर केलं तरच ठरतो. ३(४): पूर्वी उपचार घेतले किंवा दवाखान्यात राहिला, एवढ्यावरून आज किंवा उद्या तो आजारी आहे असं ठरवता येत नाही. नोटीस आली तर उत्तरात ही दोन कलमं पहिल्याच परिच्छेदात घाला.

पण एवढ्यावर विसंबू नका. शस्त्र अधिनियमाच्या १७(३) मध्ये 'कोणत्याही कारणाने अपात्र' आणि 'सार्वजनिक सुरक्षितता' हेही आधार आहेत. शहाणा अधिकारी 'मनोविकल' शब्दाला हातच लावत नाही, या दोनांवर आदेश काढतो. तिथे उपयोगी पडतो तो तुमचा कागद: हत्यार वेळेत आणि स्वतःहून जमा केल्याचा.

चंदगडची कल्पना डोक्यातून काढा. मेव्हण्याकडे परवाना नाही, म्हणजे शस्त्र अधिनियमाचं कलम २५(१ब)(अ), विनापरवाना हत्यार बाळगणं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान २, कमाल ५ वर्षं आणि वर दंड. शिवाय पीकरक्षणाच्या परवान्यात क्षेत्र लिहिलेलं असतं. हद्द ओलांडून महाराष्ट्रात नेली की गुन्हा तिकडच्या ठाण्यात आणि परवाना इकडच्या डीसींकडे (जिल्हाधिकाऱ्यांकडे), मग दोन्हीकडे हेलपाटे.

निपाणीचा_तात्या
होय की. पण घरच्यांनी फक्त ठाण्यापर्यंत नेली तरी गुन्हा होतो का?

टिळकवाडीकर
तिथेच लोक फसतात. शस्त्र अधिनियमाच्या कलम ३ मध्ये सूट आहे: परवानाधारक हजर असताना किंवा त्याच्या लेखी अधिकाराने दुसऱ्याने हत्यार नेलं तर चालतं, पण दुरुस्तीसाठी, नूतनीकरणासाठी किंवा परवानाधारकाच्या वापरासाठी. जमा करायला नेणं त्यात लिहिलेलं नाही. म्हणून मोटरसायकलवर मागे बांधून निघायचं नाही. ठाण्यात अर्ज द्या, 'घरी येऊन ताब्यात घ्या' असं लिहा, पोच घ्या. परवान्यावर घरातल्या कुणाचं नाव रिटेनर (धारकाच्या वतीने हत्यार बाळगणारा) म्हणून असेल तर गोष्ट वेगळी. पण आजारी माणूसच जर दुसऱ्याच्या परवान्यावर रिटेनर असेल, तर त्याचं नाव कमी करायचा अर्ज आजच द्या.

अर्ज कन्नडमध्ये लिहून न्या, सोबत मराठी प्रत जोडली तरी चालेल. भाषेवरून कागद परत आला की आठवडा गेला म्हणून समजा. शहर आयुक्तालयाच्या हद्दीत परवाना अधिकारी पोलीस आयुक्त. खानापूर, चिकोडी, निपाणीला डीसी, म्हणून ठाण्याच्या अर्जाची प्रत डीसी ऑफिसच्या आवक विभागातही द्या.

गज_बारूद
कागदाचं झालं, आता लोखंडाचं बोलू.

ठासणीची भरलेली आहे का हे बघितल्याशिवाय कुणी हात लावू नये. पावसाळ्यात डुकरांसाठी भरून ठेवलेली बंदूक महिनोन्महिने तशीच राहते, आणि भरणारा माणूस आता दवाखान्यात. केप (बार पेटवणारी टोपी) बसलेली दिसत असेल तर चाप आणि घोड्याला स्पर्श न करता पोलिसांना सांगा. केप नसेल तर तोंड माणसांपासून दूर धरून गज (बार ठासायची सळई) नळीत तळापर्यंत सोडा, तोंडाशी बोटाने खूण धरा. मग तोच गज नळीला बाहेरून लावा. केप बसते त्या जागेपर्यंत गज पोचत नसेल, चार बोटं अलीकडे थांबत असेल, तर आत बार आहे. उडवून रिकामी करू नका. 'भरलेली आहे' हे अर्जात लिहा आणि तोंडीही सांगा, रिकामी करणं आर्मररचं, म्हणजे पोलिसांच्या हत्यार-कारागिराचं काम. एकनळी सांध्यातून उघडून बघितली की काडतूस दिसतंच.

काडतुसं, दारू, केपा यांची मोजणी करून तेही जमा करा. बंदूक गेली आणि २० काडतुसं कपाटात राहिली, की तपासणीत तीच अडचण होते.

पावतीवर हत्याराचा प्रकार, बोर, नंबर, परवाना क्रमांक, यूआयएन (परवानाधारकाचा ओळख क्रमांक), काडतुसांची संख्या आणि हत्याराची अवस्था एवढं पाहिजेच. निवडणुकीत हत्यारं जमा करताना मिळते तसली दोन ओळींची पावती इथे पुरत नाही, कारण मुक्काम लांबणार. नळीला आतून-बाहेरून तेलाचा हात द्या. गोणपाटात किंवा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका, ओल धरते. आपल्याकडच्या पावसात दोन महिन्यांत नळीत खड्डे पडतात. ठाण्यात जागा नसेल तर परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवता येतं, भाडं महिन्याला ठरवून घ्या.

कणकुंबीकर
३० दिवस पूर्ण होत आले. दवाखान्यातून कुठले कागद मागायचे?

मनोमित्र
भरती २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कोणत्या कलमाखाली आहे ते आधी विचारा. घरच्यांच्या म्हणजे नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावर असेल तर कलम ८९. ती जास्तीत जास्त ३० दिवसांची. पुढे ठेवायचं तर कलम ९०, त्याला दोन मानसोपचारतज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी लागते. ३० दिवसांच्या आत रुग्ण स्वतः राहायला तयार झाला तर कलम ८६ ची स्वेच्छा भरती होऊ शकते. डिस्चार्जच्या कागदावर हे कलम यावं असं बघा. स्वेच्छेने उपचार चालू ठेवले, हे पुढे अधिकाऱ्यासमोर वजनदार ठरतं. कलम २५ प्रमाणे रुग्णाला आपल्या नोंदी मागता येतात. कलम २३ प्रमाणे दवाखाना त्या परस्पर कुणालाही देत नाही, म्हणून प्रत रुग्णाच्या सहीने घ्या.

नूतनीकरणाला एस-३ नमुन्यातलं शारीरिक आणि मानसिक तब्येतीचं प्रमाणपत्र लागतं. गल्लीतल्या डॉक्टरकडून कोरं प्रमाणपत्र घेऊन भरती लपवायची युक्ती बऱ्याच जणांना सुचते. माहिती दडवून मिळवलेला परवाना रद्द करायला शस्त्र अधिनियमाच्या १७(३) मध्ये वेगळा आधार आहे, तेव्हा ती करू नका. उपचार करणाऱ्या तज्ज्ञाचं पत्र सोबत लावा. 'पूर्ण बरा' असं कुणी लिहून देत नाही, तसा आग्रहही नको. किती महिने नियमित येतो, औषध घेतो का, व्यसन आहे का, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याचे विचार तपासणीत दिसतात का, आणि तपासणीची तारीख, एवढं पुरे.

घरी आल्यावरचे पहिले आठवडे सगळ्यात नाजूक असतात. आत्महत्येचा धोका डिस्चार्जनंतर लगेचच जास्त असतो. परवाना कायम असला तरी हत्यार लगेच परत आणू नका. रात्री-बेरात्री काही वाटलं तर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, मराठीत आणि कन्नडमध्येही बोलता येतं.

निपाणीचा_तात्या
ते 'जन्मात मिळत नाही' कुठून आलं मग?

टिळकवाडीकर
अमेरिकेतून, मोबाईलवरून. तिथे १९६८ च्या केंद्रीय कायद्यापासून मनाविरुद्ध दाखल केलेल्याला बंदूक बाळगायला बंदी आहे आणि ती आपोआप संपत नाही. स्वतःहून भरती झालेला किंवा नुसता निरीक्षणासाठी ठेवलेला त्यात धरत नाहीत. २००७ च्या कायद्यानंतर काही राज्यांत अर्ज करून सूट मिळते. आपल्याकडे तशी यादी नाही, प्रत्येक माणसाचा स्वतंत्र आदेश निघतो. आपल्याच राज्यातली कोडगूची परवान्यातून सूटही इथे दाखवू नका, ती कोडवांपुरती आणि तिथल्या जम्मा जमीनधारकांपुरती आहे.

रद्दचा आदेश आलाच तर शस्त्र अधिनियमाच्या कलम १८ चं अपील. त्याला मुदत असते, म्हणून आदेशाची तारीख आणि पाकीट हातात पडलेला दिवस दोन्हीची नोंद ठेवा. अपीलही फेटाळलं तर उच्च न्यायालयाचं धारवाड खंडपीठ. हत्यार मात्र बुडत नाही: कलम २१ प्रमाणे जमा असताना ठरलेल्या मुदतीत परवाना असलेल्या माणसाला विकता येतं. परस्पर विकायचं तर ४५ दिवस आधी घेणाऱ्याच्या नावासह लेखी कळवावं लागतं. धारकाचं वय ७० झालं असेल किंवा हत्यार २५ वर्षं त्याच्याकडे असेल, तर वारसाच्या नावे अर्ज करता येतो. ठासणीची बहुतेक जुनी असेल, परवान्यावरची पहिली तारीख काढून बघा.