शहरातली प्राणिसंग्रहालयं बंद करावीत का?

भायखळाकर:
परवा भाच्याला राणीच्या बागेत नेलं. १८६२ पासूनची बाग, झाडं बघत दिवस जावा अशी. पण काचेआडचे हम्बोल्ट पेंग्विन पाहून पोटात कालवलं. पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचा पक्षी! २०१६ मध्ये सोलहून आठ आणले, त्यातला एक त्याच वर्षी गेला. मुंबईच्या उकाड्यात गार खोली करून त्यांना ठेवायचं, यात संवर्धन कुठलं? माझं मत स्पष्ट आहे: प्राणिसंग्रहालयं बंद करा.

रानवाट:
असहमत. पेंग्विनबद्दल तुमचं पटतं, पण सगळ्यांना एकाच तागडीत तोलू नका. हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयात २०१० पासून पिसोरीची वीण वाढवली आणि ती हरणं अमराबादच्या जंगलात सोडली. दार्जिलिंगला वाढलेल्या दोन लाल पांडा माद्या २००३ मध्ये सिंगालीलाच्या जंगलात सोडल्या. वाळवंटातला हरणासारखा प्राणी, अरबी ओरिक्स, तर १९७२ मध्ये रानातून संपलाच होता. अमेरिकेतल्या फिनिक्सच्या प्राणिसंग्रहालयात आधीच कळप जपला होता, म्हणून १९८२ मध्ये तो ओमानच्या वाळवंटात परतला. तेव्हा कुणी ‘बंद करा’ म्हटलं असतं तर?

भायखळाकर:
पण या कामाला तिकीटखिडकी कशाला हवी? हरियाणात पिंजोरला गिधाडांची पैदास होते, तिथले पिंजरे पर्यटकांसाठी नाहीत. गिधाडं कमी झाली ती गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळे; मेलेली गुरं खाल्ली की ते गिधाडांच्या पोटात जायचं. २००६ मध्ये गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली, ती प्रयोगशाळेतल्या कामामुळे. पिंजऱ्यापुढच्या गर्दीमुळे नाही. एकाच रेषेवर येरझाऱ्या घालणारा बिबट्या बघून माझा भाचा विचारतो, "मामा, याला बरं नाही का?" काय सांगू त्याला?

शिवाराकडची:
आमच्या जुन्नर भागात उसात बिबट्या निघणं नवं नाही. जखमी, म्हातारे, परत सोडता न येणारे बिबटे माणिकडोहच्या केंद्रात राहतात. भायखळाकर, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या व्याख्येत असं बचाव केंद्र आणि प्रजनन केंद्रही प्राणिसंग्रहालयच ठरतं. सर्कससुद्धा. तुमच्या ‘बंद करा’मध्ये आमचे बिबटेही येतात. त्यांना कुठे ठेवायचं ते आधी सांगा.

भायखळाकर:
ताई, हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. माणिकडोहसारखी केंद्रं हवीतच. मग मागणी बदलतो: केवळ दाखवण्यासाठी परदेशी प्राणी आणणं थांबवा, तो पैसा अशा केंद्रांना द्या.

रानवाट:
यावर मात्र आपलं जमेल. तरी राणीची बाग बंद करायला माझा विरोधच राहील. चाळीतल्या पोराला जंगल सफारी परवडत नाही.